पी०१३५ आला म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका

दारव्हा तालुक्यातून एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांची २०१५ सालची तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी आहे. दिवाळीनंतर मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझलाच नाही. अ‍ॅव्हरेज १८ वरून १३ वर आलं. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. तालुक्याला स्कॅनर लावला तर पी०१३५ हा एकच कोड निघाला. तिथं सांगितलं, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला आणि सोबत कॅटही, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही, बदलून टाका. भाऊ विचारतात, एवढं सगळं खरंच लागेल का? आणि सेन्सर घरच्या अंगणात आपल्या हातानं बदलता येईल का?

अंगणात बदलता येतो. एवढं सगळं मात्र लागणार नाही. कदाचित सेन्सरही लागणार नाही, म्हणूनच उत्तर जरा लांबलं आहे. यवतमाळ-आर्णी रोडवर २२ वर्षं गाड्यांखाली काढली. या एका सेन्सरच्या नावावर लोकांचा जितका पैसा वाया गेलेला पाहिला तितका दुसऱ्या कुठल्याच पार्टवर पाहिला नाही. आपल्याकडे घरात तो पैसा फवारणीचा असतो, नाहीतर पोरांच्या फीचा. म्हणून आधी तपासा, मग खर्च करा.

आधी कोड नीट वाचू. पी०१३५ म्हणजे पुढच्या, कॅटच्या आधी बसवलेल्या, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. हीटर खराब आहे असं तो म्हणत नाही, सर्किट म्हणतो. सर्किटमध्ये हीटर आला, त्याच्या दोन वायरी आल्या, कनेक्टर आला, फ्यूज आला, काही गाड्यांत रिलेही आला. या साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी कोड हाच येणार.

हीटर कशाला लागतो, ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका सिरॅमिकची, बोटाच्या टोकाएवढी टोपी असते. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर असतो. बाहेरून इंजिनाचा धूर लागतो, आत साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक जितका जास्त तितकं व्होल्टेज जास्त. पेट्रोल जास्त झालं की धुरात ऑक्सिजन जवळपास उरत नाही आणि सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो. हवा जास्त झाली की ०.१ वर उतरतो. पेट्रोल नीट जळायला वजनानं १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. त्या काट्यावर मिश्रण ठेवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर सारखा या सेन्सरकडे पाहत असतो. पण ही टोपी ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलतच नाही. नुसत्या धुरावर तापायला वेळ लागतो, म्हणून आत हीटर दिलेला असतो.

आता तुमची गाडी पाहा. हीटर चालत नाही. गाडी घरून वावरात, वावरातून घरी, तीन-चार किलोमीटर, तेही दुसऱ्या गिअरमध्ये. सेन्सर तापून बोलता होईपर्यंत तुम्ही धुऱ्यावर पोचून गाडी बंद केलेली असते. तोपर्यंत कॉम्प्युटर अंदाजानं पेट्रोल सोडतो, आणि अंदाजाच्या वेळी तो हात सैलच ठेवतो. वास तिथून येतो, अ‍ॅव्हरेजही बऱ्याच अंशी तिथंच जातं. हाच माणूस रोज यवतमाळ-नागपूर करत असता तर त्याला दिव्याशिवाय फारसं काही जाणवलं नसतं.

कॅट आणि मागचा सेन्सर आधी यादीतून काढून टाका. कॅटच्या आधीचा सेन्सर पेट्रोल ठरवतो, कॅटच्या नंतरचा मुख्यतः कॅटवर नजर ठेवतो. मागच्याचे कोड वेगळे असतात, पी०१३६ ते पी०१४१. कॅट कमजोर झाला की पी०४२० येतो. तुमच्याकडे यातला एकही नाही. खिशाच्या हिशोबानं कॅट हा सर्वांत जड पार्ट, त्यात मौल्यवान धातू असतात. कोड नसताना तो बदलायला सांगणं मला पटत नाही. फक्त जुना कॅट काढून घेतला तर तो तुम्हाला परत देणार का, एवढं विचारून पाहा.

अ‍ॅव्हरेजबद्दल आणखी एक. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी. म्हणजे निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तरी हिशोबानं सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. १८ चं १३ होणं म्हणजे जवळपास २८ टक्के. एवढं सगळं इथेनॉलच्या माथी मारता येत नाही, आणि सेन्सर ठीक झाल्यावर अ‍ॅव्हरेज पूर्ण जुन्या आकड्यावर येईलच असंही धरू नका. गाडीत बिघाड आहे, तो शोधायचा आहे.

आता बिघाड कुठं असतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणी संपल्यावर, एक काकाजी गाडी घेऊन आले. हाच कोड, हीच तक्रार. दुसरीकडे नवा सेन्सर टाकून झाला होता, आठ दिवसांत दिवा परत लागला होता. काकाजी म्हणाले, "नवाच टाकला ना बावा, मंग काहून लागते?" बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या मागच्या बाजूला कापसाचा घरटा. पांढराशुभ्र, मऊ, आत सरकीची टरफलं. गाडी ज्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहायची तिथंच कापसाची गंजी होती. थंडीत उंदराला इंजिनाची ऊब आणि बाजूला सरकीचं जेवण, त्याला आणखी काय पाहिजे. सेन्सरच्या कनेक्टरपासून चार बोटं अलीकडे गाडीच्या बाजूची वायर कुरतडलेली होती. वरचं प्लॅस्टिक गेलेलं, आतले तांब्याचे केस दोन-तीनच शिल्लक. तेवढ्यावर हीटर कधी चाले, कधी नाही. वायरीचा तो तुकडा बदलला, वरून काळी जाळीची नळी चढवली, काम झालं. नवा सेन्सर चांगला होता आणि काढून फेकलेला जुनाही बहुधा चांगलाच होता.

म्हणून पहिलं काम: टॉर्च घ्या आणि सेन्सरपासून कनेक्टरपर्यंत, आणि कनेक्टरपासून जाड हार्नेसपर्यंत, म्हणजे वायरींच्या जुडग्यापर्यंत, वायर बोटांनी चाचपत जा. वळणाच्या आणि क्लिपच्या मागची बाजू विसरू नका, उंदीर तिथंच बसतो. क्लिप तुटून वायर मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांना, टेकली आणि वितळली, हेही नेहमीचं. मागच्या सेन्सरची वायर खालून जाते, तिला नाल्यातला चिखल आणि दगड लागतात. तुमचा कोड पुढच्याचा आहे, पण खाली वाकलाच आहात तर तीही पाहून घ्या.

वायर सलग दिसली तर मल्टिमीटर काढा. साधा, गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे असतो तोही चालतो. इंजिन थंड, चावी बंद. कनेक्टर सोडवा. चार वायरी दिसतील, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. बऱ्याच सेन्सरमध्ये त्या दोन पांढऱ्या असतात, काही कंपन्यांच्या सेन्सरमध्ये दोन काळ्या. सेन्सरच्या बाजूनं त्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. थंड हीटर बहुतेक ३ ते १५ ओहमच्या मध्ये कुठं तरी दाखवतो, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. मीटर काहीच दाखवत नसेल, सर्किट उघडं म्हणत असेल, तर हीटरची तार आतून तुटली. मग सेन्सर गेला, बिनधास्त बदला. आकडा ठीक आला तर सेन्सरला हात लावू नका. गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये चावी चालू करून १२ व्होल्ट येतात का पाहा. काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच येतात. येत नसतील तर फ्यूज बघा. कॉम्प्युटर बहुतेक गाड्यांत दुसऱ्या वायरीतून अर्थ देऊन हीटर चालवतो, तेव्हा तीही वायर सलग हवी.

पाच वायरींचा सेन्सर निघाला तर थांबा. तो वेगळ्या जातीचा, एअर-फ्युएल सेन्सर म्हणतात तो. वर सांगितलेला ०.१ ते ०.९ चा हिशोब त्याला लागू नाही. तुमच्या २०१५ च्या छोट्या गाडीत तो असण्याची शक्यता कमी.

तुमचा कोड हीटरचा आहे म्हणून काम एवढ्यावर निभावलं. ज्यांच्या गाडीत पी०१७१ येतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असा, त्यांच्यासाठी इथं जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त चांगले सेन्सर याच कोडपायी काढले जातात. सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो कुठून आला हे त्याला कळत नाही. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तर धुराच्या दोन झटक्यांच्या मधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर सांगतो, हवा जास्त आहे. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. गाडी खरं तर पेट्रोल जास्त पिते आणि स्कॅनरवर कोड येतो कमी पेट्रोलचा! स्पार्क प्लग कमजोर असला तरी तेच. त्या सिलिंडरची न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सर तिलाही जास्त हवाच समजतो. अशा वेळी सेन्सर खरं बोलत असतो. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेटजवळ कान द्या. टकटक आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर तो जात असेल तर गॅस्केट किंवा तडा शोधा. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते, म्हणून दुपारी गॅरेजला पोचेपर्यंत आवाज सापडत नाही. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं आहे तो आकडा. अधिक-उणे १० च्या आत असेल तर सहसा काळजी नाही. अधिक २० च्या वर गेलं असेल तर हवा कुठून तरी शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पोचतं आहे.

समजा मीटरनं हीटर गेल्याचं सांगितलं. आता विकत घेणं. गाडीच्या मॉडेलवर नाही, जुन्या सेन्सरवर छापलेल्या नंबरवर घ्या. नंबर पुसला असेल तर चेसिस नंबरवरून काढून घ्या. वायरीची लांबी आणि कनेक्टर जुळलाच पाहिजे. बॉश, डेन्सो, एनटीके हे खुद्द कार कंपन्यांना सेन्सर पुरवणारे लोक आहेत. त्यांचा योग्य नंबरचा सेन्सर मिळाला तर पुरे. वायर कापून जोडायचा 'सगळ्या गाड्यांना चालतो' असा सेन्सर मी टाळतो. टाकावाच लागला तर वायर डाग देऊन, म्हणजे सोल्डरनं, जोडू नका. या टोपीला आतून जी साधी हवा लागते ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरीच्या तारांमधूनच आत जाते. डाग दिला की श्वास कोंडतो. दाबून बसवायचे जॉइंट वापरा आणि वरून हीट श्रिंक चढवा. त्याच कारणानं कनेक्टरमध्ये स्प्रे मारायचा नाही, ग्रीस भरायचं नाही.

काढण्याचं काम धीराचं आहे. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी गाडी पाच-सात मिनिटं चालवा, उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. बंद जागेत इंजिनाचा धूर माणूस मारतो. मग बंद करून थोडी थांबू द्या. हात जवळ नेला की ऊब लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. पूर्ण थंड झाल्यावर आटे धरून बसतात आणि लालबुंद तापलेले असताना सोडवले तर सेन्सरसोबत आटेही ओढून येतात. बॅटरीची मायनस तार सोडून ठेवा. बहुतेक सेन्सरला २२ चा पाना लागतो. उघड्या तोंडाचा पाना लावू नका, कोपरे झिजले की मग चिमट्यानंही हाती लागत नाही. फट असलेला सेन्सर सॉकेट मिळतो. नसेल तर आणि जुना सेन्सर फेकायचाच असेल तर त्याची वायर कापा आणि २२ चा रिंग पाना सरळ वरून घाला. हलत नसेल तर आधी चिमूटभर आवळा, मग सोडवा. पुन्हा थोडं आवळा, पुन्हा सोडवा. तेल टाकत राहा. एका दमात लांब पाइप लावून जोर करणाऱ्यांचे आटे मी वेल्डिंगला जाताना पाहिले आहेत.

खालून करायचं असेल तर गाडी जॅकवर सोडून खाली शिरू नका, विटांवर तर मुळीच नाही. वीट अचानक फुटते. घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावा, चाकांना अडण लावा. घोड्या नसतील तर गॅरेजच्या खड्ड्यावर न्या.

जुना सेन्सर निघाला की फेकायची घाई करू नका. त्याचं टोक उन्हात धरून पाहा. फिकट करडं-तपकिरी असेल तर त्यानं आपलं आयुष्य नीट काढलं. काळी, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होतं. तुमच्या गाडीत बहुधा हीच दिसेल. तपकिरी राखेचे पापुद्रे म्हणजे इंजिन ऑइल पितंय. आणि पांढरा, खडूसारखा थर असेल तर नवा सेन्सर खोक्यात तसाच ठेवा. तो थर सिलिकॉनचा असतो, नाहीतर हेड गॅस्केटमधून आत आलेल्या कूलंटचा. कारण न काढता नवा लावला तर तोही त्याच वाटेनं जाणार.

हा पांढरा थर मी माझ्या हातानं केलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीच्या टॅपेट कव्हरला स्वस्तातलं सिलिकॉन हात सोडून लावलं. त्याची वाफ इंजिनाच्या श्वासासोबत आत गेली, जळली आणि सेन्सरवर बसली. महिना-दीड महिन्यात सेन्सर मेला. गाडी एका मास्तरांची होती. नवा सेन्सर मी माझ्या पैशानं टाकून दिला. तेव्हापासून 'सेन्सर सेफ' लिहिलेलं सीलंटच वापरतो, तेही मुगाच्या दाण्याएवढी रेघ.

बसवताना पहिली गोष्ट, नवा सेन्सर हातातून पडू देऊ नका. आत सिरॅमिक आहे, बाहेरून काही दिसत नाही आणि आत तडा जातो. पडला तर तो लावू नका. टोकाला बोट, ऑइल, स्प्रे काही लागू देऊ नका. आट्यांवर बहुतेक वेळा कंपनीनंच वंगण लावलेलं असतं. नसेल तर अँटी-सीझ, म्हणजे आटे धरू नयेत म्हणून लावायचं वंगण, आट्यांवर पातळसं लावा, टोकाकडचे एक-दोन आटे सोडून. सेन्सर आधी हातानं फिरवून शेवटपर्यंत बसला पाहिजे. मध्येच अडला तर पाना लावू नका, बाहेर काढा. आटे १८ मिलिमीटर, दीड पिचचे असतात, त्याच मापाच्या टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारानं, हलक्या हातानं साफ करा. मग पान्यानं आवळा. बहुतेकांना साधारण ४० न्यूटन-मीटर लागतो. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दुसरा आकडा असेल तर तोच धरा. वायर जुन्याच वाटेनं न्या, जुन्याच क्लिपांत बसवा. वायरीला पीळ पडू देऊ नका, म्हणून कनेक्टर सेन्सर आवळून झाल्यावर लावा.

बॅटरी जोडा, स्कॅनरनं कोड पुसा. बॅटरी काढल्यामुळे पहिले काही मिनिटं इंजिन थोडं वर-खाली चालेल, ते आपोआप बसतं. मग दारव्हा-यवतमाळ एक चक्कर मारा. थोडं गावातून, थोडं सलग एका वेगानं, अर्धा तास तरी. तापल्यावर स्कॅनरवर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये भराभर खालीवर होताना दिसला पाहिजे. मागचा ०.६-०.७ च्या आसपास बराचसा स्थिर राहिला तर कॅटही चांगला आहे, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तरच कॅटचा विचार करा. अ‍ॅव्हरेज पहिल्या टाकीवर मोजू नका. कोड पुसल्यावर कॉम्प्युटरला नव्यानं शिकायला थोडा वेळ लागतो, दुसऱ्या टाकीवर मोजा.

तोवर एक काळजी घ्या. जास्त पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचा कॅट नेहमीपेक्षा जास्त तापतो. वाळल्या पऱ्हाटीवर किंवा सोयाबीनच्या कुटारावर गाडी उभी करू नका. दिवा लुकलुकत असेल, नुसता लागलेला नसेल, तर गाडी तिथंच थांबवा. तो मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचा, इशारा असतो आणि त्यात कॅट खरोखरच जळतो.

गाडी उभी राहते त्या शेडमधली कापसाची गंजी आणि ढेप दुसरीकडे हलवा, रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवा. अंधारी, उबदार जागा मिळाली नाही की उंदीर कमी बसतो. एवढं करूनही कोड परत आला तर मला तीन आकडे कळवा: थंड हीटरचा ओहम, कनेक्टरवर आलेलं व्होल्टेज आणि लाँग टर्म ट्रिम. सोबत जुन्या सेन्सरच्या टोकाचा उन्हात काढलेला फोटो.